रॉयल्टी भरली, खड्ड्याचे काय?

“रॉयल्टी भरलोय की, आता आणि काय पाहिजे?”

चिरेखाणीचा विषय निघाला की आपल्या सीमाभागात हे उत्तर हमखास मिळते. ठेकेदार ते देतो, ज्याच्या शेतात खाण आहे तो जमीनमालकही देतो, आणि पंचायतीचा सदस्यसुद्धा मान डोलावून तेच म्हणतो. प्रश्न विचारणारा गप्प बसतो, कारण पावती दाखवली जाते आणि पावतीवर सरकारी शिक्का असतो. दगड सरकारला विचारून काढला, पैसे भरले, हिशेब मिटला, असे सगळ्यांनीच धरून चालले आहे. माझा वाद या समजुतीशी आहे. हिशेब मिटलेला नसतो. त्याचा अर्धा भागच चुकता झालेला असतो, आणि उरलेला अर्धा त्या शेतात खड्ड्याच्या रूपाने पडून राहतो.

रॉयल्टी म्हणजे काय, हे आधी पाहू. मराठी कागदांत तिला स्वामित्वधन म्हणतात. ती दंड नाही, नुकसानभरपाई नाही, आणि आता तर सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्याप्रमाणे ती करही नाही. २५ जुलै २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने हा निर्णय दिला. निकालपत्र सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. खाणपट्टा घेणारा, खनिज काढण्याच्या हक्काबद्दल, पट्टा देणाऱ्याला कराराने जो मोबदला देतो तो म्हणजे रॉयल्टी, असे हा निकाल सांगतो. हा वाद राज्यांच्या करवसुलीच्या अधिकारासाठी लढला गेला आणि त्याची चर्चाही राज्यांच्या तिजोरीभोवतीच झाली. पण खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या माणसाने त्यातून स्वतःच्या कामाचा अर्थ काढायला हवा. रॉयल्टी ही दगडाची किंमत आहे. दगड निघून गेल्यावर जमिनीची जी अवस्था होते, तिचा एक पैसाही त्या पावतीत धरलेला नाही. जमिनीचे देणे कायद्याने वेगळे ठेवले आहे आणि ते वेगळ्या शब्दांत लिहिले आहे. ते शब्द आपल्या गावात कोणी उच्चारत नाही, एवढेच.

१९५७ चा खाणी आणि खनिजे कायदा खनिजांचे दोन वर्ग करतो. लोखंड, मँगनीज, बॉक्साइट ही प्रमुख खनिजे. इमारतीचा दगड, खडी, साधी माती, साधी वाळू ही गौण खनिजे. प्रमुख खनिजांवर केंद्राचे नियम चालतात. गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार कलम १५ ने राज्यांना दिला आणि त्यातून कर्नाटकाचे १९९४ चे गौण खनिज सवलत नियम आले. घरे बांधायचा जांभा दगड तसाही गौणच होता. १० फेब्रुवारी २०१५ रोजी केंद्राने आणखी ३१ खनिजे गौण ठरवली आणि त्या यादीत जांभा नाव घेऊन बसला. म्हणजे आपल्या पायाखालचा तांबडा खडक आता पुरता राज्याच्या हातात आहे.

यात वाईट काय, असे कोणी विचारील. अधिकार जवळ आला तर बरेच की! पण त्या वाटेत एक मोठी गोष्ट गळून पडली. २००३ साली केंद्राने प्रमुख खनिजांच्या खाणींवर खाण समापन आराखडा सक्तीचा केला. खाण चालू असतानाच टप्प्याटप्प्याने जमीन कशी सावरणार आणि शेवटी ती कोणत्या स्थितीत सोडून जाणार, हे खाणवाल्याने आधीच लिहून द्यायचे. नुसते लिहून भागत नाही, त्यामागे वित्तीय हमी ठेवायची. काम न करता तो निघून गेला तर ती हमी जप्त होते आणि त्या पैशातून सरकार काम करून घेऊ शकते. मोठ्या यांत्रिक खाणींसाठी ही रक्कम सुरुवातीला हेक्टरी २५ हजार रुपये होती. २०१७ च्या नियमांत ती हेक्टरी ३ लाखांवर गेली. मधल्या वर्षांत सरकारला कळले असावे की २५ हजारांवर पाणी सोडून पळून जाणेच खाणवाल्याला स्वस्त पडत होते. पण हे केंद्रीय नियम गौण खनिजांना लागू नाहीत. लोखंडाच्या खाणीत पडलेला खड्डा आणि चिरेखाणीत पडलेला खड्डा, दोन्हींत बुडणाऱ्या वासराला खनिज प्रमुख होते की गौण हे कळत नाही.

राज्याच्या नियमांत काहीच नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. मूळ कायद्याच्या कलम १५ मध्येच १९८६ च्या दुरुस्तीने लिहिले गेले की खाणकामात नष्ट झालेली झाडे-झुडपे पट्टेदाराने पुन्हा वाढवावीत, यासाठी राज्याने नियम करावेत. त्याच वाक्यात एक पळवाटही आहे: ही लागवड त्याच जागी किंवा सरकार निवडील त्या दुसऱ्या जागी करता येते. एका टेकडीची साल काढायची आणि दुसरीकडे रस्त्याच्या कडेला रोपे लावायची, हे त्या वाक्यात बसते. ते टेकडीच्या कामाचे नाही.

मग २७ फेब्रुवारी २०१२ आला. हरियाणाच्या दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की पाच हेक्टरांपेक्षा लहान गौण खनिजाच्या पट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागेल. त्याआधी लोक मोठा डोंगर चार-चार हेक्टरांच्या तुकड्यांत वाटून घेत आणि प्रत्येक तुकडा ‘लहान’ म्हणून सुटत असे. न्यायालयाने ती चाल ओळखली. २०२० साली केंद्राने रस्ते आणि पाइपलाइनसारख्या लांबलचक प्रकल्पांसाठी साधी माती काढायला मंजुरी नको, अशी सूट दिली होती. तीही सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी रद्द केली. रुंदीकरणाच्या भरावासाठी एखाद्या गावचा माळ रातोरात खाली बसताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या निकालाचे मोल वेगळे सांगायला नको. त्याच पर्यावरण नियमांत कुंभाराने आपल्या रिवाजाप्रमाणे हाताने काढलेल्या मातीला सूट आहे, आणि ती योग्यच आहे. आपला खानापूर तालुका कौलांचा आणि कुंभारकामाचा. चाकावर पणत्या करणाऱ्याची टोपलीभर माती आणि जेसीबीने भरलेले टिपर यांत फरक करण्याइतके शहाणपण कायद्याला आहे. ते शहाणपण पुढे करून टिपर सोडवून घेणाऱ्यांपासून मात्र सावध राहावे.

माझ्या मते या सगळ्यांत आपल्याला सर्वांत जवळचा आदेश ८ जानेवारी २०२० चा आहे. सरन्यायाधीश शरद बोबडे, न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती सूर्य कांत यांच्या पीठाने केंद्राला सांगितले की खाणपट्ट्यात, पर्यावरण मंजुरीत आणि खाण आराखड्यात एक अट घाला. खाणकाम थांबल्यावर पट्टेदाराने त्या जागी, आणि खाणीमुळे बिघडलेल्या इतर जागीही, पुन्हा गवत उगवायला लावावे. जमीन अशी करून द्यावी की तिथे चारा उगवेल, झाडे-वेली आणि जीवजंतू जगतील. देशातले सर्वोच्च न्यायालय गवतावर बोलले! मोठ्या नुकसानभरपाईचे आकडे सोडून ते गुरांच्या तोंडच्या घासापर्यंत आले. ज्यांच्या गावात अजून गायरान शिल्लक आहे, त्यांनी हा आदेश पंचायतीच्या भिंतीवर लावावा.

जमीन परत उभी करणे म्हणजे प्रत्यक्षात काय? काम अवघड नाही, पण त्याची सुरुवात पहिला चिरा निघण्याआधी करावी लागते, आणि चूक तिथेच होते. जांभ्याच्या माळावर मातीचा थर वीतभर किंवा हातभर असतो. तो तयार व्हायला माणसाच्या किती पिढ्या लागल्या असतील, सांगता येत नाही. यंत्र आले की सर्वांत आधी तोच खरवडून कडेला लोटला जातो आणि वरून चिऱ्याचा चुरा पडतो. पहिल्या पावसात सगळे मिळून ओढ्यात जाते. करायचे ते असे की वरची माती वेगळी काढावी, बुटक्या ढिगांत ठेवावी, तिच्यावर ताग-कुळीथ काहीतरी पेरून ती जिवंत ठेवावी. खाणीच्या कडा उभ्या न सोडता पायऱ्या ठेवाव्यात. एक तुकडा संपला की पुढच्या तुकड्याचा टाकाऊ दगड-चुरा मागच्या खड्ड्यात भरावा, वर ती राखलेली माती पसरावी, आणि दोन-तीन पावसाळे तिथे गुरे सोडू नयेत. आधी गवत, मग करवंद, जांभूळ, कुंभा अशी इथलीच झाडे. वरची माती गेल्यावर हे काम दहापट महाग होते, आणि मग कोणीच करत नाही.

इथे एक युक्तिवाद हटकून येतो: “खड्डा राहू दे, पाणी साठेल, तळे होईल.” तळ्याला उतार असतो, गुरांना आणि माणसांना उतरायची वाट असते. चिरेखाण उभ्या भिंतींची पेटी असते. त्यात पडलेले पोर कशाला धरून वर येणार? जांभा छिद्रांचा दगड आहे, पाणी किती महिने टिकेल हे तळाचा थर ठरवतो. तळेच करायचे असेल तर तेही आराखड्यात लिहा, एक बाजू उताराची करा, उरलेल्या बाजूंना कठडा बांधा. तसे करणारा ठेकेदार मला भेटला तर मी त्याचा जाहीर सत्कार करीन.

जांबोटीच्या बाबतीत हा प्रश्न एका शेताचा राहत नाही. कणकुंबीत उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला खानापूरकडे जाते आणि नविलुतीर्थच्या धरणातून हुबळी-धारवाडच्या नळाला पोहोचते. त्याच डोंगराच्या पश्चिम अंगाचे ओढे म्हादईला मिळून गोव्यात जातात. आमगाव कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या गावांत मोडते. अशा पावसात उघड्या टाकलेल्या जमिनीतून सुटलेला गाळ दोन्ही बाजूंना उतरतो. म्हादईच्या पाण्यावरून दोन राज्ये इतकी वर्षे भांडत आली. त्या पाण्याला धरून ठेवणाऱ्या मातीबद्दल मात्र दोन्हीकडे शांतता आहे. शेजारी २०११ साली जाहीर झालेले भीमगड अभयारण्य आहे. एप्रिल २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने अभयारण्यात आणि त्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरपर्यंत खाणकामाला मनाई केली आहे. ती हद्द आपल्या कोणत्या सर्व्हे नंबरावरून जाते, हे किती पंचायतींना माहीत आहे?

घाट उतरून गेलात की या हयगयीची मोठी रूपे दिसतात. गोव्यात पोर्तुगीजांनी दिलेल्या खाण सवलतींचे १९८७ च्या कायद्याने पट्टे झाले. पुढे न्यायमूर्ती शाह आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये मांडला गेला आणि गोव्यातल्या खाणी थांबल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने सांगितले की हे पट्टे २२ नोव्हेंबर २००७ लाच संपले होते, त्यानंतरचे सारे खाणकाम बेकायदा. लोहखनिजाच्या विक्रीतला दहा टक्के वाटा पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत टाकण्याची सोयही त्याच निकालाने केली. खनिज ही वारशाने आलेली ठेव आहे, एका पिढीने मोडून खायची नव्हे, हे गोवा फाउंडेशनने न्यायालयात मांडले आणि न्यायालयाने ते मानले. तरी पिसुर्ल्याची गाळाने भरलेली शेते आणि शिरगावच्या आटलेल्या विहिरी निकालाने भरून आल्या नाहीत. सिंधुदुर्गात जुलै २०२१ मध्ये कळण्याच्या खाणीचा बांध फुटला आणि चिखलाचे पाणी गावात, शेतांत, बागांत शिरले. कळणे आपल्यापासून काही परदेशात नाही.

त्याच चोर्ला रस्त्याने केरीवरून सांखळीला गेले की दुसरे चित्रही आहे. तिथल्या संपलेल्या खाणीवर सेसा कंपनीने झाडे वाढवली, प्रशिक्षणाच्या संस्था उभ्या केल्या, फुटबॉल अकादमी चालवली. म्हणजे खाणीनंतर जमिनीचा उपयोग होऊ शकतो. मात्र गोव्यातल्या अनेक डंपांवर हिरवळ दाखवण्यासाठी ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली, तिला मी जमीन परत देणे म्हणणार नाही. तिच्या खाली गुरांना चारा नाही. २०२० च्या आदेशाने गवत मागितले आहे, केवळ हिरवा रंग नव्हे.

आणि आपल्याच राज्यातले बळ्ळारी? न्यायमूर्ती संतोष हेगडे यांच्या लोकायुक्त अहवालानंतर २०११ साली तिथले खाणकाम थांबले. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ एप्रिल २०१३ च्या निकालाने सर्वांत बेकायदा ठरलेले पट्टे रद्द केले. उरलेल्यांना अट घातली: जमीन सावरण्याचा आराखडा मंजूर करा, काम सुरू करा, मगच खाण पुन्हा चालू. हे आराखडे डेहराडूनच्या वनसंशोधन परिषदेने तयार केले, आणि खाणपट्ट्यातल्या गावांसाठी पुढे वेगळे महामंडळ स्थापन झाले. जे बळ्ळारीच्या धनाढ्यांना करावे लागले, ते जांबोटीच्या चार एकराच्या पट्टेदाराला जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. चार एकराचा आराखडा दोन पानांचा होईल.

अमेरिकेने १९७७ साली उघड्या कोळसा खाणींसाठी कायदा केला. त्यात दोन गोष्टी ठाम आहेत: परवाना हातात पडण्याआधी जमीन सावरण्याची अनामत ठेवायची, आणि काम संपल्यावर जमिनीला जवळपास मूळचा उतार परत द्यायचा. कोळशाच्या प्रत्येक टनामागे वसूल होणाऱ्या आकारातून, मालक पळून गेलेल्या जुन्या खाणी दुरुस्त होतात. आधी अनामत, मग कुदळ. आपल्या गौण खनिजांना हा क्रम लावायला कोणते तंत्रज्ञान लागते? फक्त राज्याची इच्छा आणि गावाचा आग्रह.

गावाच्या आग्रहाबद्दल मला अधिक बोलायचे आहे, कारण सरकारला दोष देऊन आपण फार लवकर मोकळे होतो. शेती परवडत नाही, पोरे गोव्याला कामाला गेली, माळावर नाचणीशिवाय काही येत नाही, आणि ठेकेदार रोख पैसे घेऊन दारात उभा राहतो. अशा वेळी जमीन देणाऱ्याला मी लोभी म्हणणार नाही. मुलीचे लग्न, दवाखाना, फिटायचे कर्ज, हे सगळे खरे असते. पण तोच माणूस सोयरीक जमवताना चार घरी चौकशी करतो, आणि खाणीच्या कराराच्या कागदावर मात्र न वाचता सही करतो. त्या कागदात दर चिऱ्याचा भाव असतो. खोली किती, वरची माती कुठे ठेवायची, कडा कशा सोडायच्या, कोणत्या तारखेला जमीन कोणत्या स्थितीत परत मिळणार, यातले काही नसते. ठेकेदार जातो, आणि सातबारा म्हणा, पहाणीचा उतारा म्हणा, त्यावर नाव मालकाचेच राहते. बापाने दगडाचे पैसे घ्यावेत आणि मुलाला वारसात खड्डा मिळावा, हा अन्याय घरातच होतो. त्याला न्यायालय कुठवर पुरे पडेल?

जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. डोंगरावरून वाहून जाणारा कस शेतात अडवावा, त्यासाठी पलटणी आणि पोलिसांच्या हातून ताली-बांध घालून घ्यावेत, अशी योजना त्यांनी त्यात सुचवली होती. माती ही शेतकऱ्याची पहिली पुंजी आहे, हे त्यांना कोणत्या अहवालातून कळले नव्हते. आज तीच पुंजी आपण स्वतः यंत्र बोलावून ओढ्याला घालतो आणि वर पावती दाखवतो.

कामगारांचाही विचार करा. १९५२ च्या खाण कायद्यातून जांभा, मुरूम, माती यांच्या लहान उघड्या खाणी बऱ्याच अंशी वगळल्या होत्या. अट अशी होती की खोली कुठेही सहा मीटरपेक्षा जास्त नसावी, एका दिवशी पन्नासांहून जास्त माणसे नसावीत, आणि स्फोटके वापरू नयेत. सहा मीटर म्हणजे दोन मजली घराची उंची. चिरे कापणारा मजूर त्या तळाशी उभा असतो आणि बहुतेकदा तो परगावचा असतो. खोली सहाच्या वर गेली की तो पूर्ण कायदा लागू होत असे. टेप घेऊन खोली मोजणे हे गावाच्याच हातात आहे.

तेव्हा पंचायतीपुढे खाणीला ना-हरकत मागणारा अर्ज आला की त्याच दिवशी समापनाचा आराखडा मागावा आणि तो ग्रामसभेत मोठ्याने, मराठीत समजावून वाचावा. ज्याचा जुना खड्डा उघडा आहे त्याला नव्या जागेसाठी ना-हरकत देऊ नये. शेतजमीन असेल तर कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खाली बिगरशेती परवानगी झाली आहे का, पर्यावरण मंजुरी कोणत्या अटींवर दिली आहे, त्यात गवताची अट आहे का, हे विचारावे. आपल्या आमदारांकडे एकच मागणी न्यावी: प्रमुख खनिजांप्रमाणे गौण खनिजांवरही हेक्टरी भरीव अनामत, काम पाहिल्याशिवाय परत न मिळणारी. मालक सापडत नाही अशा जुन्या खड्ड्यांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी मागावा. खाणबाधित लोकांच्या आणि भागाच्या हितासाठीच ही प्रतिष्ठाने २०१५ साली कायद्यात आली.

कागद कन्नडमध्ये आहेत म्हणून मागे हटू नका. तक्रार-निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम ३५० ने दिला आहे, तेव्हा निवेदन खुशाल मराठीत लिहा. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करावा लागतो. शाळेत कन्नड शिकलेली आपलीच मुले-मुली घरात आहेत, त्यांना शेजारी बसवून तो लिहून घ्या. अर्जात मंजुरीच्या अटींची प्रत, खाण आराखड्याची प्रत आणि शेवटच्या पाहणीचा अहवाल, एवढे तीन कागद मागा. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. तोवर गावच्या हद्दीतल्या उघड्या खाणींना काटेरी झुडपांचे का होईना, कुंपण घाला. पावसाळ्याआधी.